दोन्ही किनाऱ्यांनी वगळलेले : लंडनमधील एका भारतीय चित्रकार-संस्थेविषयी

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची हकिगत मराठी वाचकाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि सदानंद बाकरे एकत्र आले आणि काही वर्षांतच पांगले. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, बाकरे १९५१ मध्ये. आपल्याकडील कलेतिहासात हे प्रकरण बहुधा येथेच संपते. बोट सुटली की लेखणीही थांबते. पलीकडच्या किनाऱ्यावर पुढे काय घडले, हे जाणून घ्यायचे तर १९६३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन पेंटर्स कलेक्टिव्ह’ या छोट्या संस्थेकडे वळावे लागते.

तिच्या संस्थापकांपैकी एक लॅन्सलॉट रिबेरो. १९३३ मध्ये मुंबईतील गोवेकर कुटुंबात जन्मलेले रिबेरो हे सूझांचे सावत्र भाऊ. १९५० मध्ये ते लंडनला गेले ते हिशेबतपासनीस होण्यासाठी. पण ते शिक्षण सोडून त्यांनी सेंट मार्टिन्स कलाशाळेची वाट धरली. पुढे मुंबईला परतून १९६२ मध्ये ते पुन्हा लंडनला आले, ते चित्रकार म्हणूनच. बलराज खन्ना, यशवंत माळी, इब्राहिम वाघ, गजानन भागवत ही नावेही या संस्थेच्या वाटचालीशी निगडित आहेत. माळी, वाघ, भागवत ही आडनावे वाचताना मराठी वाचकाने क्षणभर थबकावे, आणि ती आपल्या परिचयाची का नाहीत, असे स्वतःला विचारावे.

रिबेरो लंडनला परतले त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल स्थलांतरित कायदा अमलात आला. तोवर राष्ट्रकुलातील नागरिकाला तेथे मुक्तपणे येता येत असे. आता कामाचा परवाना लागू लागला. काल जो साम्राज्याचा प्रजाजन होता, तो आज ‘स्थलांतरित’ ठरला. कलाक्षेत्रातील वाराही बदलत होता. १९५५ मध्ये गॅलरी वनमध्ये सूझांना मोठे यश लाभले होते; अविनाश चंद्र यांचे चित्र टेट गॅलरीने १९६५ मध्ये विकत घेतले. परंतु हे यश एकेकट्याचे होते, आणि समीक्षकांची नजर त्यातही चित्रापेक्षा ‘भारतीयत्व’च शोधत होती. लंडनमध्ये सर्वाधिक नाव मिळवलेले हे दोघेही न्यूयॉर्कला निघून गेले : चंद्र १९६५ मध्ये, सूझा १९६७ मध्ये. ज्यांना जाणे शक्य नव्हते, किंवा जायचे नव्हते, त्यांची गरज संस्थेने भागवायची होती.

येथेच मुंबईच्या ग्रुपशी असलेला तिचा मूलभूत फरक ध्यानात येतो. प्रोग्रेसिव्ह मंडळींना बांधून ठेवणारी गोष्ट होती कलाविषयक बंडखोरी. लंडनच्या मंडळींना एकत्र आणले ते परिस्थितीने. त्यांची शैली एक नव्हती, पण अडचण एक होती. संस्था काढल्याने ‘आम्ही आहोत’ असे ठणकावून सांगता येते. मात्र त्यासाठी दारावर जी पाटी लावावी लागते, तीच पुढे चित्रकाराच्या कपाळावर चिकटते. ज्या ‘भारतीय’ विशेषणाच्या चौकटीतून सुटायचे, तेच संस्थेच्या नावात मिरवायचे, हा पेच या संस्थेच्या जन्मातच होता.

१९७८-७९ च्या सुमारास तिचे ‘इंडियन आर्टिस्ट्स युनायटेड किंग्डम’ या नावाने पुनरुज्जीवन झाले. ‘चित्रकार’ जाऊन ‘कलावंत’ आले, आणि ‘भारतीय’च्या जोडीला राहत्या देशाचेही नाव आले. हा बदल मला केवळ कागदोपत्री वाटत नाही. आम्ही पाहुणे नाही, येथलेच आहोत, असा दावा त्यात आहे.

तो दावा मान्य झाला का? १९८९ मध्ये रशीद अराईन यांनी हेवर्ड गॅलरीत ‘द अदर स्टोरी’ हे गाजलेले प्रदर्शन भरवले. ब्रिटिश कलेच्या इतिहासाने डावललेल्या २४ आशियाई, आफ्रिकी व कॅरिबियन वंशाच्या कलावंतांना त्यात स्थान मिळाले. सूझा, चंद्र, खन्ना त्यात होते, रिबेरो नव्हते. उपेक्षितांच्या इतिहासातही काहीजण उपेक्षितच राहिले. कुठल्याही एका प्रदर्शनाला सर्वांना सामावून घेणे अशक्य असते, हे खरे. पण अशा वेळी संस्था नावाच्या वस्तूचे मोल कळते. इतिहास निवडक नावे घेऊन पुढे जातो, संस्था उरलेल्यांची नोंद ठेवते.

बाकरे १९७५ मध्ये भारतात परतले आणि कोकणातील मुरूड-हर्णैला राहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. रिबेरो लंडनलाच राहिले आणि २०१० मध्ये निवर्तले; त्यानंतर त्यांच्या कामाकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. एक परतला, एक राहिला. तिथे ते ‘भारतीय’ म्हणून बाजूला पडले, इथे ‘गेलेले’ म्हणून. ब्रिटनने आपली चूक थोडीफार तरी दुरुस्त करायला घेतली आहे. आपल्या कलेतिहासातील ते प्रकरण मात्र अजून बोटीच्या धक्क्यावरच थांबलेले आहे.