पाहुणा चुलीपुढे बसतो तेव्हा

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये एक साधाच पण मार्मिक मुद्दा मांडला आहे: जेवण कसं झालं याची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुणा अधिक चांगली करतो. मग पाहुणाच चुलीपुढे जाऊन बसला तर? वाइनच्या इतिहासात आपल्याला याचं उत्तर शोधता येतं.

सॉमेलियर म्हणजे रेस्टॉरंटातला वाइनचा पारखी. कोलकात्यात जन्मलेले रजत पार हे त्यांतलं मोठं नाव. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘रुबिकॉन’मध्ये लॅरी स्टोन यांच्या हाताखाली ते तयार झाले. पुढे ते स्वतःच वाइन करू लागले. आधी ‘संधी’, मग ‘दोमेन द ला कोत’, आणि आता कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत कॅम्ब्रियाजवळचं ‘फेलन फार्म’. तिथे ते नैसर्गिक वाइनच्या वाटेने गेले आहेत.

ही वाट फ्रान्समधल्या बोजोले प्रांतात आखली गेली. ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) हे तिथले वाइन-व्यापारी. चाखण्यात निष्णात, आणि रसायनाचे अभ्यासकही.

त्यांचा प्रश्न समजून घेऊ. द्राक्षाच्या सालीवर आणि वाइनच्या तळघरात यीस्ट असतंच. पण रसात सुरुवातीलाच सल्फर डायऑक्साइड घातला की नको त्या जिवाणूंबरोबर हे रानटी यीस्टही दबतं. मग पाकिटातलं यीस्ट घालायचं. म्हणजे बाहेरून आणलेलं विरजणच. वाइन खात्रीची होते, पण त्या मातीची चव त्यात कितपत उरते? शोव्हे यांनी सल्फरशिवाय वाइन करून पाहिली. १९८०च्या दशकात मार्सेल लापिएर आणि इतर शेतकऱ्यांनी तोच धडा गिरवला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नैसर्गिक म्हणजे काहीच न करणं नव्हे. सल्फरचा पहारा काढला की वाइनचा व्हिनेगर होऊ शकतो, उंदरासारखा वास येऊ शकतो. म्हणून द्राक्षं हाताने तोडायची, सडका मणी वेचून काढायचा, भांडी लख्ख ठेवायची, रस थंड राखायचा. शोव्हे यांना सूक्ष्मदर्शक लागला तो याचसाठी. २०२० मध्ये फ्रान्सने मान्य केलेल्या ‘व्हँ मेथोद नात्यूर’ या नावाखालीही लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी सल्फाइटची सवलत आहे. युरोपात एरवी कोरड्या रेड वाइनला १५० पर्यंत चालतं. म्हणजे व्रत आहे, पण हट्ट नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जीभ निकाल देते, पण वाइन बिघडल्यावर. करणाऱ्याला बिघाड आधीच ओळखावा लागतो, आणि कधी हात आवरावा लागतो. पारख आणि घडवणं ही दोन वेगळी ज्ञानं आहेत. चुलीपुढे बसलेल्या पाहुण्याला पहिली गोष्ट कळते ती हीच. ॲरिस्टॉटल खोटा ठरत नाही. मात्र पाहुण्याचा निवाडा यापुढे जरा सावकाश येतो. आपण सगळेच कशा ना कशाचे पाहुणे असतो, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं.