‘खंडणी’, ‘तारण’ व ‘प्रायश्चित्त’ : ख्रिस्ती मुक्तिविचाराची मराठी परिभाषा

मराठेशाहीचे कागद चाळणाऱ्यास ‘खंडणी’ हा शब्द नवा नाहीं. फौज गांवाशीं येऊन उतरली, कीं शेटे-महाजन पुढें होत, रक्कम ठरे, ती उगवेपर्यंत ओलीस राहत. तोच शब्द नव्या कराराच्या मराठी भाषांतरांत, मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत भेटला म्हणजे वाचक क्षणभर थबकतो. पुष्कळांच्या सुटकेसाठीं ख्रिस्त आपला जीव देण्यास आला, तो जीव म्हणजे ही खंडणी. दप्तरांत वावरलेल्या मनास लागलाच प्रश्न पडतो : खंडणी दिली खरी, पण घेतली कोणीं ?

हा प्रश्न आमचाच आहे असें नव्हे. तिसऱ्या शतकांतील ऑरिजेन व चौथ्या शतकांतील निस्साचा ग्रेगरी यांनीं मनुष्य सैतानाच्या कैदेंत होता, सबब मोल त्यालाच पोंचलें, असें मानिलें. नाझियांझसच्या ग्रेगरीस ही कल्पना लाजिरवाणी वाटली. चोरास मोल कसलें द्यावयाचें, असा त्याचा आक्षेप. पुढें कॅंटरबरीचा आर्चबिशप ॲन्सेल्म यानें इ. स. १०९८ मध्यें पुरा केलेल्या ग्रंथांत वादाचा रोखच फिरविला. ऋण सैतानाचें नव्हे, देवाचें. पापानें देवाच्या मानास उणेपणा आला. भरपाई मनुष्यानें करावयाची, पण ती करण्याचें सामर्थ्य एका देवासच. म्हणून देव मनुष्य झाला. मूळ ग्रीक शब्द ‘लूत्रोन’ हा बंदिवान वा गुलाम सोडविण्याच्या मोलाचा वाचक आहे. आमच्या ‘खंडणी’स मात्र चढाई करून येणाऱ्याचा वास आहे, आणि त्यामुळें भाषांतरकारांनीं नकळत ऑरिजेनाचा पक्ष उचलला, असें आमचें मत आहे.

दप्तरी शब्दांची गर्दी येथेंच संपत नाहीं. ग्रंथाचें नांवच ‘करार’. इब्री लोकांस पत्रांत ख्रिस्त त्या कराराचा ‘जामीन’. ‘तारण’ शब्दास तर दुहेरी अर्थ आहे. संस्कृताप्रमाणें तो पैलतीरीं नेण्याचा, आणि सावकारी कागदांत कर्जापोटीं ठेविलेल्या वस्तूचा. ‘मोक्ष’ म्हटला कीं जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका, ‘मुक्ति’ म्हटली कीं सलोकतेपासून सायुज्यतेपर्यंत चार पायऱ्या डोळ्यांपुढें येतात. भाषांतरांत ‘तारण’ रूढ झालें तें या दृष्टीनें सोयीचेंच झालें. पंडिता रमाबाईंनीं मात्र केडगांवच्या आपल्या संस्थेस ‘मुक्ति’ हेंच नांव दिलें, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

खरी अडचण ‘प्रायश्चित्ता’ची. जेधे शकावलींत नेताजी पालकरानें शके १५९८ (इ. स. १६७६) मध्यें प्रायश्चित्त घेतल्याची नोंद आहे. येथें क्रियापद ‘घेणें’, आणि घेणारा तोच ज्यास दोष लागला. धर्मशास्त्राची ही सारी रचना कर्त्याच्या अंगीं चिकटलेली आहे. योहानाच्या पहिल्या पत्रांत मात्र ख्रिस्त स्वतःच आमच्या पापांबद्दल प्रायश्चित्त ‘आहे’ असें येतें. दोष एकाचा, प्रायश्चित्त दुसरा, आणि तेंही कृत्य नव्हे तर व्यक्ति ! शब्द जुना राहून त्याचें व्याकरण पालटलें. धर्मसभेच्या निवाड्यांत वाढलेल्या ब्राह्मणास तें विपरीत वाटलें असल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं.

‘कृपे’ची गोष्ट याहून निराळी. फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला. त्याचें पुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. आरंभींच्या नमनांतच देवास ‘कृपानिधि’ म्हटलें आहे. हा शब्द वारकऱ्याच्या ओठांवरचा. शिकविण्याची गरजच नव्हती. पण सोपेपणांतच धोका होता. भक्ताची कृपा नामोच्चारानें पाप जाळते. तेथें कोणी मोल भरीत नाहीं. ख्रिस्ती कृपा घेणाऱ्यास फुकट, देणाऱ्यास प्राणाच्या मोलाची. शिवाय स्टीफन्स जेझुइट. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५४७ मध्यें ठरविल्याप्रमाणें कृपा प्रथम, पण तिला मनुष्याची साथ हवी, हा त्याचा पक्ष. ल्यूथराचा केवळ विश्वासानें नीतिमान् ठरण्याचा सिद्धान्त मराठींत आला तो प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या हातून, सेरामपूरचा नवा करार छापला गेला त्या १८११ च्या सुमारास व नंतर. ‘कृपा’ दोघांनींही वापरली. अर्थ मात्र एक नव्हता.

म्हणून पाठभेदांस येथें विशेष किंमत आहे. १६१६, १६४९ व १६५४ च्या छापील प्रतींपैकीं एकही उपलब्ध नाहीं. उरल्या त्या हस्तलिखित नकला. सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूरास रोमन लिपींतील पाठ छापला. लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील नागरी प्रत जस्टिन ॲबट यांनीं पुढें उजेडांत आणली. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन शब्द, तेथें नागरींत पुष्कळदां संस्कृत आढळतो. ॲबट यांनीं नागरीस मूळ मानिलें. तें सर्वांस मान्य झालें नाहीं. कोणाजवळ या पुराणाचीं सुटीं पानें असल्यास त्यांनीं नक्कल करितांना शब्द ‘शुद्ध’ करूं नयेत, आणि कृपा, मुक्ति, तारक या शब्दांचीं रूपें जशीं आहेत तशींच उतरून घ्यावीं, एवढी आमची विनंती आहे.