जिमी ऑर हात हलवत होता

१२ जानेवारी १९६९. मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम. मध्यंतराला काही सेकंद उरलेत. बॉल्टिमोर कोल्ट्सचा जिमी ऑर मैदानाच्या टोकाला एकटाच उभा आहे. त्याला अडवायला आसपास कुणी नाही. तो हात वर करून हलवतोय, चेंडू मागतोय. चेंडू आहे अर्ल मॉरलच्या हातात. मॉरल त्याच्याकडे बघत नाही. तो मैदानाच्या मधोमध जेरी हिलच्या दिशेनं चेंडू फेकतो आणि न्यूयॉर्क जेट्सचा जिम हडसन तो मधल्यामध्ये पकडतो.

कोल्ट्स हा सामना १६-७ असा हरले. मॉरल त्यानंतर पंचेचाळीस वर्षं जगला, पण त्याचं नाव निघालं की हात हलवणारा ऑर निघायचाच.

मला अमेरिकन फुटबॉलमध्ये रस वाटायला लागला तो या खेळातल्या हरण्यामुळे. जिंकल्यावर सगळे एकमेकांच्या खांद्यावर असतात, तेव्हा बघण्यासारखं फार काही नसतं. हरल्यावर मात्र हिशेब सुरू होतो: कुणामुळे हरलो? पानिपताचं खापर भाऊसाहेबांवर फोडायचं की होळकरांवर, यावर आजही तावातावानं भांडणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. फक्त अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये प्रत्येक क्षणाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. दोषाची वाटणी कशी होते, हे तिथे पुन्हा पुन्हा थांबवून बघता येतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. एका वेळी अकराविरुद्ध अकरा. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो चेंडू पळणाऱ्याकडे देतो किंवा लांब फेकतो. फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं पकडला की ते इंटरसेप्शन, आणि ते क्वार्टरबॅकच्या खात्यावर जमा होतं. या खेळात विजय-पराजयही क्वार्टरबॅकच्या नावावर मोजले जातात. अकरा जणांचं काम आणि सातबारा एकाच्या नावावर, असा हा प्रकार.

आता त्या १९६९च्या सामन्याकडे परत जाऊ. कोल्ट्स त्या मोसमात चौदापैकी तेरा सामने जिंकले होते. त्यांचा नेहमीचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस, म्हणजे त्या काळातला देवच, मोसम सुरू होण्याआधीच कोपराच्या दुखापतीनं बसला होता. त्याच्या जागी आणलेला मॉरल चौतीस वर्षांचा, चार संघ फिरून आलेला. त्या वर्षी तो असा खेळला की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोरचे जेट्स नव्या, ‘दुय्यम’ समजल्या जाणाऱ्या लीगमधले. सट्टेबाजांनी कोल्ट्सना अठरा गुणांनी वरचढ धरलं होतं. जेट्सचा तरुण क्वार्टरबॅक जो नेमथ यानं सामन्याआधी विजयाची जाहीर हमी दिली, तेव्हा लोक हसले होते.

मग कोल्ट्स हरले का? मी सामन्याचा तपशील जुळवत गेलो तसा मॉरलचा वाटा लहान झाला नाही, पण बाकीच्यांचे वाटे समोर यायला लागले. पहिल्या अर्ध्यात मॉरलचे तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. त्यातला पहिला फेकताना जेट्सच्या एका खेळाडूच्या हाताला निसटता लागला, मग कोल्ट्सच्याच टॉम मिचेलच्या खांद्यावर आपटून हवेत उडाला आणि जेट्सच्या रँडी बेव्हर्लीच्या हातात पडला. हे कुणाच्या खात्यावर टाकायचं? आकडेवारीत ते मॉरलच्या खात्यावर आहे. त्याच अर्ध्यात लू मायकल्सनं गोलवर मारलेल्या दोन किक चुकल्या. दुसरा अर्धा सुरू होताच टॉम मॅटीच्या हातून चेंडू निसटला आणि जेट्सना तीन गुण मिळाले. कोल्ट्सच्या ज्या बचावाची सगळ्यांना धास्ती होती, त्या बचावातून जेट्सचा मॅट स्नेल १२१ यार्ड पळाला. तिसऱ्या सत्राच्या शेवटाकडे प्रशिक्षक डॉन शूला यांनी अखेर युनायटसला उतरवलं. त्याचाही एक चेंडू पकडला गेला. सामना संपायला तीन-साडेतीन मिनिटं असताना त्यानं संघाला एकमेव टचडाऊन मिळवून दिला, तोवर उशीर झाला होता.

त्यामुळे दुसरा दोषी तयार झाला: शूला. युनायटसला मध्यंतरानंतर लगेच का उतरवलं नाही? मॉरलवर एवढा विश्वास कशासाठी? संघाचे मालक कॅरोल रोझेनब्लूम यांचं आणि शूला यांचं या पराभवानंतर बिनसलं ते बिनसलंच. वर्षभरानं शूला बॉल्टिमोर सोडून मायामीला गेले.

या सगळ्या हिशेबात एक नाव मात्र कुठेच येत नाही, ते म्हणजे जेट्स. त्यांचे प्रशिक्षक वीब यूबँक हे आधी कोल्ट्सचेच प्रशिक्षक होते. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी बॉल्टिमोरला मिळवून दिली होती, आणि १९६३मध्ये त्यांना काढून त्यांच्या जागी शूलांना आणलं गेलं होतं. मॉरलचा दुसरा चेंडू पकडणारा जॉनी सँपल हाही जुना कोल्ट. म्हणजे समोर बसलेली माणसं हे घर आतून ओळखणारी होती. पण हरणारा आपल्या पराभवाचा हिशेब असा मांडतो, जणू समोर कुणी नव्हतंच. ‘आम्ही हरलो’ यात दुःख असतं, पण मोठेपणाही शाबूत राहतो. ‘त्यांनी हरवलं’ हे पचायला जास्त जड.

पण क्वार्टरबॅकच का सापडतो? कॅमेरा त्याच्यावर असतो, हे सोपं उत्तर. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, आणि त्यासाठी या खेळाच्या नियमांचा इतिहास बघावा लागतो. सुरुवातीच्या काळात मैदानाबाहेरून प्रशिक्षकानं सूचना देण्यालाच बंदी होती. खेळाडूंनी स्वतःच्या डोक्यानं खेळावं, अशी त्यामागची कल्पना. व्यावसायिक लीगमध्ये ही बंदी १९४४मध्ये उठली. क्लीव्हलंडचे प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी मग प्रत्येक डावाची चिठ्ठी पोचवावी तसे खेळाडू बदलून आत पाठवायला सुरुवात केली. आत जाणारा खेळाडू म्हणजे निरोप्या. १९५६मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये चक्क रेडिओ बसवून पाहिला. लीगनं लगेच बंदी घातली. तरीही १९६०च्या दशकात बहुतेक क्वार्टरबॅक मैदानातच, दहा जणांच्या कोंडाळ्यात उभं राहून, पुढचा डाव स्वतः ठरवत. युनायटसची ख्याती अर्धी हाताची आणि अर्धी या डोक्याची होती. नंतर हे काम हळूहळू बाहेरच्यांकडे सरकत गेलं. १९९४मध्ये हेल्मेटमधला रेडिओ अधिकृत झाला. आता प्रशिक्षक थेट क्वार्टरबॅकच्या कानात बोलतो, आणि पुढचा डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो. ज्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे त्याच्या मागच्या बाजूला हिरवा ठिपका असतो.

तो हिरवा ठिपका मला फार बोलका वाटतो. दोष निर्णयाच्या मागे मागे चालतो. निर्णय मैदानात होत होता तेव्हा बोट मैदानाकडे जायचं. निर्णय बाहेर गेला तसं बोटही बाहेर वळलं.

याचा पुरावा म्हणजे १ फेब्रुवारी २०१५ची रात्र. ॲरिझोनातलं ग्लेंडेल. सिएटल सीहॉक्स २४, न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८. शेवटचा अर्धा मिनिट, चेंडू सिएटलकडे, आणि जिंकायला हवं फक्त एक यार्ड. त्यांच्याकडे मार्शॉन लिंच होता, चार-पाच जणांना अंगावर घेऊन पुढे सरकणारा. सगळ्या जगाला वाटलं, चेंडू लिंचला मिळणार. क्वार्टरबॅक रसेल विल्सननं तो फेकला, आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोरानं मध्ये झेप घेऊन पकडला. बटलरला खेळाडूंच्या निवडीत कुणीही घेतलं नव्हतं.

चेंडू फेकला विल्सननं, पण शिव्या बसल्या त्या मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांना. कॅरल यांनी त्याच रात्री दोष स्वतःवर घेतला. विल्सननंही तो आपला म्हणून सांगितलं. चढाईचे प्रशिक्षक डॅरेल बेव्हल यांनीही जबाबदारी घेतली, पण सोबत एक वाक्य जोडलं: ज्याच्याकडे चेंडू फेकला त्या रिकार्डो लॉकेटनं चेंडूवर आणखी जोर लावायला हवा होता. लोकांना ते वाक्य खटकलं, आणि मलाही खटकतं. तांत्रिकदृष्ट्या ते कदाचित खरंही असेल. पण निर्णय घेणाऱ्यानं निर्णय पार पाडणाऱ्याकडे बोट दाखवणं, तेही भर पराभवाच्या रात्री, हे वेगळं. आपल्या ऑफिसांतल्या मीटिंगा आठवून बघा. ‘प्लॅन बरोबर होता, अंमलबजावणी कमी पडली’ हे वाक्य नेहमी कुठल्या खुर्चीतून येतं?

गंमत म्हणजे तो निर्णय वाटतो तितका वेडगळ नव्हता. त्या मोसमात एका यार्डावरून शंभराहून जास्त पास फेकले गेले होते आणि त्यातला एकही पकडला गेला नव्हता. सिएटलकडे एकच टाइमआउट उरला होता. पास अडला असता तर घड्याळ थांबलं असतं आणि लिंचसाठी पुढचे प्रयत्न शिल्लक राहिले असते. शिवाय जर्मेन कर्सनं ब्रँडन ब्राउनरला रेटून वाट मोकळी करायची होती, ती झाली नाही. आणि बटलर? त्याच डावावर तो सरावात फसला होता. प्रत्यक्षात तो डाव पुन्हा समोर आला तेव्हा त्यानं तो ओळखला. इथेही तेच: हरलेल्यांच्या हिशेबात जिंकणाऱ्याच्या सरावाला रकाना नसतो.

कधी कधी हा हिशेब प्रेक्षक बदलतात. २७ जानेवारी १९९१ला बफेलो बिल्स १९-२० असे मागे असताना स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेली. सामना तिथेच संपला. एका माणसाच्या गळ्यात कायमचा दोष अडकवायला याहून सोपी संधी नव्हती. पण त्या दिवशी न्यूयॉर्क जायंट्सनी साठपैकी चाळीस मिनिटांहून जास्त वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला होता आणि बफेलोच्या बचावाला तो काढून घेता आला नव्हता. दुसऱ्या दिवशी बफेलोच्या नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले आणि त्यांनी नॉरवुडच्याच नावाचा गजर केला. तो पुढे आला आणि बोलला. किक चुकली हे कुणी नाकारलं नाही. तरीही ते शहर त्याच्या बाजूला उभं राहिलं.

दोष वाटून घेणं म्हणजे तो पातळ करणं, असं आपल्याला वाटतं. ‘सगळेच जबाबदार’ म्हटलं की कुणीच जबाबदार राहत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यापासून परीक्षेच्या गोंधळापर्यंत तो येतो. म्हणून मला शूला आणि मॉरल यांची पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते.

१९७१च्या जानेवारीत कोल्ट्स पुन्हा अंतिम सामन्यात होते, पुन्हा मायामीतच. या वेळी युनायटस दुसऱ्या सत्रात जखमी झाला आणि मॉरल आत आला. दोन्ही संघांनी मिळून अकरा वेळा चेंडू गमावला, सामना इतका गबाळा झाला. शेवटच्या काही सेकंदांत जिम ओब्रायनची किक बसली आणि कोल्ट्स १६-१३ जिंकले. मॉरलच्या बोटात अखेर विजेत्याची अंगठी आली.

त्यानंतर बॉल्टिमोरनं मॉरलला सोडून दिलं. १९७२मध्ये त्याला अवघ्या शंभर डॉलरच्या फीवर उचलणारा माणूस होता डॉन शूला. मॉरल तेव्हा अडतीस वर्षांचा. ज्याच्यावर विश्वास ठेवला म्हणून आपल्याला ऐकून घ्यावं लागलं, त्यालाच शूलांनी परत बोलावलं. पाचव्या सामन्यात मायामीच्या बॉब ग्रीसीचा पाय मोडला आणि मॉरल मैदानात उतरला. मायामी डॉल्फिन्स त्या वर्षी सतराच्या सतरा सामने जिंकले. व्यावसायिक फुटबॉलच्या या लीगमध्ये पहिल्या सामन्यापासून विजेतेपदापर्यंत एकदाही न हरलेला संघ आजवर तोच एक. त्या सतरांपैकी अकरा सामन्यांची सुरुवात मॉरलनं केली होती.

शेवटच्या दोन सामन्यांची कथा तर १९६९चं उत्तरच वाटते. अंतिम फेरीच्या आधीच्या सामन्यात पिट्सबर्गविरुद्ध संघ अडखळत होता. मध्यंतरानंतर शूलांनी मॉरलला बसवलं आणि बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवलं. या वेळी त्यांनी वाट पाहिली नाही. अंतिम सामनाही ग्रीसीनंच सुरू केला. म्हणजे विश्वास ठेवायला शूला तयार होते, आणि वेळ आल्यावर त्याच माणसाला बाजूला करायलाही. मला यात दोषाची खरी वाटणी दिसते. मायामीतल्या त्या दुपारी मॉरलचा वाटा होता आणि शूलांचाही होता. शूलांनी मॉरलचा वाटा त्याच्या सगळ्या आयुष्यावर पसरू दिला नाही आणि स्वतःचा वाटा पुढच्या निर्णयात फेडला.

१९६९चं ते चित्रीकरण मी फोनवर अनेकदा पाहिलंय. ऑर उभा होता त्या टोकाला मध्यंतराच्या कार्यक्रमासाठी बँडपथक जमलं होतं. त्यांच्या निळ्या गणवेशात ऑरची निळी जर्सी मिसळून गेली, असं स्पष्टीकरण पुढे अनेकांनी दिलं. खरं असेलही. पण बँड नसता आणि मॉरलनं ऑरला नुसतंच हेरलं नसतं, तरी काय? पाच-सहा बलदंड माणसं अंगावर धावून येत असताना त्याला डोकं वर काढायला दोन-तीन सेकंद मिळाले होते. आपण ते पन्नास वर्षं, वरच्या कॅमेऱ्यातून, थांबवून थांबवून बघतोय.