टाइनकांठची अर्ध-मॅरेथॉन

राजांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला, आणि मागाहून प्रजेचा इतिहासहि लिहिला जाऊं लागला. पण नुसत्या पाहणाऱ्यांचा इतिहास लिहिण्याचें कोणी फारसें मनावर घेतलेलें दिसत नाहीं. लढाई असो, मिरवणूक असो कीं खेळ असो, मैदानांत उतरणारे मूठभर आणि कांठावर उभे राहणारे अगणित, हा प्रकार सर्वत्र चालत आला आहे. हे कांठावरचे लोक केव्हां आणि कां मैदानांत उतरतात, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचें एक उत्तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका शर्यतीच्या इतिहासांत सांपडतें. न्यूकॅसल शहरांत आरंभ होऊन साउथ शील्ड्स येथें समुद्राशीं संपणारी ही शर्यत ‘ग्रेट नॉर्थ रन’ ह्या नांवानें ओळखली जाते. तिचें अंतर पूर्ण मॅरेथॉनच्या निम्में, म्हणजे २१ किलोमीटर व साडेसत्त्याण्णव मीटर आहे.

पूर्ण मॅरेथॉनच्या मागें एक तेजस्वी आख्यायिका उभी आहे. ख्रिस्तपूर्व ४९० सालीं मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सकरांनीं इराणी सैन्याचा पराभव केला. ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि विजयाचे शब्द उच्चारतांच त्यानें प्राण सोडला, अशी ही कथा. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाहीं. त्या युद्धाचा वृत्तांत लिहिणारा हिरोडोटस हा फिलिपिडीस नांवाच्या दूताची हकीकत सांगतो खरी. पण तो दूत लढाईपूर्वीं मदत मागण्यासाठीं स्पार्टास गेला होता. प्राण सोडणारा दूत आज आपणांस भेटतो तो त्यानंतर पांचशें वर्षांनीं झालेल्या प्लुटार्कच्या लेखनांत, आणि तेथें त्याचें नांवहि निराळेंच आहे. १८७९ सालीं ब्राउनिंगनें ह्या दोन्ही कथा एकत्र गुंफून कविता रचली. पुढें १८९६ सालीं अथेन्स येथें ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन झालें, तेव्हां मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉन ते अथेन्स अशी सुमारें ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यांत आली. सतराजण धावले, स्पिरिडॉन लुईस हा मारूसी गांवचा पाणक्या पहिला आला, आणि हजारों लोकांनीं तें दृश्य पाहिलें. अंतराचा सध्यांचा विचित्र आंकडा १९०८ च्या लंडन येथील सामन्यांतून आला. विंडसरच्या राजवाड्यापासून निघून क्रीडांगणांत राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपावी, ह्या योजनेमुळें तें २६ मैल ३८५ यार्ड भरलें, व १९२१ सालीं तेंच प्रमाण म्हणून ठरलें.

मधल्या काळांत, १९२० सालीं, अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले, हें आपणां सर्वांच्या स्मरणांत असावयास हवें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे सामने व दोराबजी टाटा ह्यांचें साहाय्य ह्यांचें तें फळ होय. पण अथेन्स, लंडन कीं अँटवर्प, कोठेंहि पाहिलें तरी धावणारे निवडक आणि पाहणारे असंख्य, ही व्यवस्था कायम होती.

अर्ध्या अंतराला मात्र ना दूत, ना युद्ध, ना कवि. त्याचा जन्मच मुळीं सामान्य माणसाच्या सोयीसाठीं झाला. पूर्ण अंतर झेपत नाहीं व थोडक्यानें समाधान होत नाहीं, अशांचें हें अंतर आहे. तें टाइन नदीच्या कांठीं इतकें कां रुजलें, हें समजण्यासाठीं त्या प्रदेशाचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

कोळसा आणि जहाजें ह्यांवर टाइनकांठ पोसला गेला. तेथील पहिले लोकप्रिय वीर हे नदीवरचे वल्हेकरी होते. हॅरी क्लॅस्पर हा लहानपणीं कोळशाच्या खाणींत राबलेला मनुष्य. पण नौकांच्या शर्यतींत त्यानें असें नांव कमावलें कीं, १८७० सालीं तो वारला तेव्हां त्याच्या अंत्ययात्रेस लोटलेला समुदाय लाखाच्या घरांत मोजला गेला. ह्या शर्यतींवर पैजा लागत आणि दोन्ही कांठ माणसांनीं भरून जात. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मॉर्पेथ आणि न्यूकॅसल ह्यांच्या दरम्यान नववर्षदिनाची पायीं शर्यत सुरू झाली. तिचें अंतर अर्ध्या मॅरेथॉनच्या जवळपासच होतें, आणि ती २००४ पर्यंत टिकली. पण तीहि मुख्यतः कसलेल्या धावपटूंची. बाकीचे लोक कांठावरच राहिले.

त्यांना प्रथम रस्त्यावर आणलें तें विपत्तीनें. नदीच्या दक्षिणतीरावरील जॅरो गांवचा पामर कंपनीचा जहाजांचा कारखाना मंदीच्या काळांत बंद पडला व गांवचा गांव बेकार झाला. ५ ऑक्टोबर १९३६ रोजीं तेथील २०० पुरुष कामासाठीं अर्ज घेऊन लंडनकडे चालत निघाले. सुमारें २८० मैल चालून ते ३१ तारखेस राजधानींत पोंचले. एलेन विल्किन्सन ह्या त्यांच्या प्रतिनिधि बाईंनीं तो अर्ज पार्लमेंटांत सादर केला. परंतु पंतप्रधान बाल्डविन ह्यांनीं त्यांची भेट घेतली नाहीं. कारखाना कांहीं उघडला नाहीं, पण ती पदयात्रा लोकांच्या मनांत राहिली. १९८० सालीं जवळच्या कॉन्सेटचा पोलादाचा कारखाना बंद होऊन साडेतीन हजारांहून अधिक लोकांचें काम गेलें, तेव्हां अनेकांना जॅरोचीच आठवण झाली असल्यास नवल नाहीं.

ह्याच सुमारास नवी कल्पना आली ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाहून. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें आर्थर लिडियर्ड हा प्रसिद्ध शिक्षक होऊन गेला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें त्याच्या दोन शिष्यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. पण त्याचें अधिक दूरगामी कार्य म्हणजे मध्यम वयाच्या, स्थूल झालेल्या सामान्य गृहस्थांना त्यानें सावकाश धावावयास शिकविलें हें होय. अशा हौशी लोकांच्या मंडळानें १९७२ पासून तेथील उपसागरांच्या कडेनें साडेआठ किलोमीटरांच्या आंतली एक धांव सुरू केली. १९७९ सालीं तींत ब्रेंडन फॉस्टर हा पाहुणा धावला. तो टाइनकांठच्या हेबर्न गांवचा, १९७६ च्या ऑलिंपिकमधील दहा हजार मीटरांच्या शर्यतीचा कांस्यपदकविजेता. आबालवृद्धांचा तो लोंढा समुद्रकांठानें धावतांना पाहून असेंच कांहीं आपल्या प्रदेशांत करावें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि २८ जून १९८१ रोजीं पहिली ग्रेट नॉर्थ रन झाली. पहिल्याच वर्षीं सुमारें बारा हजार लोक तींत सामील झाले.

शर्यतीचा मार्ग म्हणजे त्या प्रदेशाच्या इतिहासाचें एक पानच आहे. आरंभींच १९२८ सालीं बांधून झालेला टाइनचा पोलादी पूल लागतो; खालीं तीच नदी, जिच्यावर क्लॅस्परनें वल्हीं मारलीं. पुढें गेट्सहेड, मग हेबर्न आणि जॅरो ह्यांच्या बाजूनें जाणारे लांबट, कांहींसे रुक्ष रस्ते. बारा मैल झाल्यावर एक तीव्र उतार येतो आणि एकाएकीं उत्तर समुद्र समोर उभा राहतो. शेवटचा मैल किनाऱ्यालगत, समुद्र उजव्या हातास ठेवून धावावयाचा असतो. इतका वेळ घरांमधून कोंडलेला वारा तेथें मोकळा सुटतो. हिरवळीच्या पट्ट्यापलीकडे चुनखडीचे कडे आणि फेंसाळ लाटा दिसतात.

ह्याच साउथ शील्ड्सच्या किनाऱ्यासमोर १७८९ सालीं ‘ॲडव्हेंचर’ नांवाचें जहाज वादळांत रुतलें. तीरावर हजारों लोक जमले होते. पण त्या लाटांत जाईल अशी नाव कोणापाशीं नव्हती, आणि खलाशी एकामागून एक बुडतांना पाहण्याशिवाय त्यांना कांहीं करतां आलें नाहीं. ती असहायता त्या गांवास इतकी झोंबली कीं, गांवच्या मंडळींनीं प्राणरक्षक नावेच्या उत्तम नमुन्यास बक्षीस जाहीर केलें. हेन्री ग्रेटहेडनें बांधलेली तशी नाव १७९० सालीं समुद्रांत उतरली, आणि पुढें तशा नावा इतर बंदरांनींहि मागविल्या. केवळ पाहत राहण्याची लाज वाटून लोकांनीं कांहीं करावें, असा हा प्रसंग होता. आज त्याच तीरावर येणारे सहस्रावधि धावणारे रुग्णालयें व सेवासंस्था ह्यांच्यासाठीं निधि गोळा करीत येतात. ह्या दोन गोष्टींत कार्यकारणाचा संबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील साम्य मात्र विसरतां येत नाहीं.

१९९२ सालीं अर्ध-मॅरेथॉनची पहिली जागतिक स्पर्धा ह्याच मार्गावर झाली, आणि २०१४ सालीं ह्या शर्यतीनें दहा लाखावा धावणारा पाहिला. मार्ग एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जाणारा असल्यामुळें येथील वेळ जागतिक विक्रम म्हणून धरला जात नाहीं. पण त्यामुळें कोणी यावयाचें थांबलें नाहीं. आपल्याकडेहि २००४ सालीं मुंबईची मॅरेथॉन सुरू झाल्यापासून अर्ध्या अंतराचे धावणारे मरीन ड्राइव्हचा समुद्र डोळ्यांत सांठवीत जातात.

तथापि केवळ स्तुति करून भागणार नाहीं. लोकांची म्हणविणाऱ्या ह्या शर्यतीस आतां शुल्क पडतें, मोठ्या कंपन्यांचीं नांवें तिला चिकटतात, आणि जागा अपुऱ्या असल्यानें चिठ्ठ्या टाकून माणसें निवडावीं लागतात. ह्याहून गंभीर गोष्ट ही कीं, २००५ च्या शर्यतींत चारजणांना मृत्यु आला. येथेंच आख्यायिका आणि इतिहास ह्यांतला भेद स्पष्ट होतो. कथेंतल्या दूताचा मृत्यु हा त्याचा गौरव ठरला. तो मेला नसता तर कदाचित् त्याची कथाच झाली नसती. सामान्यांच्या शर्यतींत मात्र एकाचाहि मृत्यु ही उणीवच मानली पाहिजे, कारण तेथें प्रत्येकानें सायंकाळीं आपल्या घरीं परत जावयाचें असतें. पाण्याची, वैद्यांची व शुश्रूषेची व्यवस्था हा अशा शर्यतीचा गौण भाग नव्हे.

पूर्ण मॅरेथॉननें एका वीराची स्मृति जपली, आणि तें योग्यच झालें. पण ज्या कारखान्यांच्या भरंवशावर टाइनकांठच्या पिढ्या वाढल्या ते गेल्यावर, तेथील माणसांनीं आपल्याच रस्त्यांवरून आपल्याच समुद्रापर्यंत एकत्र जाण्याचा एक दिवस निर्माण केला, हेंहि आमच्या मतें इतिहासांत नोंदविण्यासारखें आहे. त्या दिवशीं पहिला कोण आला हें दुसऱ्या वर्षीं फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. आपण स्वतः धावलों हें मात्र ज्याचें तो जन्मभर सांगतो.