शालेय सुट्टी, शेतीचा हंगाम आणि मुलांचे घरकाम : पिंपळगाव बसवंत परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे मुंबई-आग्रा महामार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो या तीन पिकांनी या परिसराचे अर्थकारण घडविले. एप्रिल अखेरीस शाळांच्या परीक्षा संपतात, तेव्हा येथील शेतात उन्हाळी कांद्याची काढणी चालू असते, द्राक्षबागांत खरड छाटणीनंतरची कामे सुरू झालेली असतात आणि घरोघरी अंगणात वाळवणे पडू लागलेली असतात. याच वेळी घरातील मुले मोकळी होतात. त्यांना दीड महिना कशात गुंतवावे हा पालकांचा प्रश्न आणि कामाला हात कमी पडतात ही शेतीची अडचण एकाच वेळी उभी राहते.

सुट्टीतील मुलांचे घरकाम हा विषय सामान्यतः संस्कारांच्या चर्चेत येतो. इतिहासलेखनात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः दीर्घ सुट्टी ही आधुनिक शाळेबरोबर आलेली व्यवस्था आहे आणि मुलांनी घरकामात हातभार लावणे ही तिच्याहून कितीतरी जुनी प्रथा आहे. या दोहोंचा संबंध कसा घडत गेला, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. हातभार आणि मजुरी यांतील सीमारेषा कामाच्या स्वरूपावरून ठरत नाही, तर ते काम कोणत्या परिस्थितीत, किती काळ आणि कोणाच्या लाभासाठी केले जाते यावरून ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

अनध्यायापासून सुट्टीपर्यंत

ब्रिटिशपूर्व महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांना आजच्या अर्थाने दीर्घ सुट्टी नव्हती. पाठशाळांच्या परंपरेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना अनध्याय पाळला जाई. गावच्या पंतोजींच्या शाळाही सणवार आणि अमावास्या यांनुसार बंद राहत. अक्षरओळख, मोडी लेखन, पाढे आणि हिशेब एवढाच अभ्यासक्रम असल्याने मुलगा महिनाभर शेतात गेला तरी परत येऊन धडा पुढे चालू करू शकत असे. वर्ग, वार्षिक परीक्षा आणि वरच्या वर्गात चढणे ही साखळी तेथे नव्हती; त्यामुळे शाळा आणि हंगाम यांच्यात उघड संघर्षही नव्हता. अर्थात या शाळांत कुणबी मुलांचे प्रमाण अल्प होते आणि मुलींना तेथे जवळपास प्रवेशच नव्हता, हे विसरून चालणार नाही.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन झाले. इयत्ता, तपासनीस, परीक्षा आणि हजेरीपट यांच्याबरोबर वर्षाची ठरावीक आखणी आली. उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी हे पुढे महाराष्ट्रातील शालेय वर्षाचे दोन मोठे विराम ठरले. उन्हाळ्याच्या सुट्टीमागे मे महिन्यातील उष्मा हे कारण असले, तरी प्रत्येक तालुक्याचा पीकहंगाम पाहून ती आखलेली नव्हती. एकाच आखणीचा अर्थ निरनिराळ्या पीकपद्धतींच्या गावांत वेगवेगळा लागला.

सक्तीचे शिक्षण आणि गुरे राखण्याचा प्रश्न

शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात आढळते. दारिद्र्यामुळे आणि गुरे राखण्यासाठी व शेताकडे पाहण्यासाठी मुलांची गरज असल्यामुळे बहुजन समाजातील मुले शिक्षणापासून वंचित राहतात, असे त्यांनी नमूद केले. केवळ शाळा उघडून भागणार नाही, शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत आणि वयाच्या निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या श्रमाला घरच्या अर्थकारणात किंमत असते, हे सत्य त्यांनी नाकारले नाही. ती किंमत भरून काढण्याची जबाबदारी शासनावर टाकली. या विषयाच्या इतिहासात ही भूमिका अत्यंत महत्त्वाची आहे.

सक्तीच्या शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग ज्यांनी केला ते सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातीलच, मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील होते. बडोदे संस्थानात त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मात्र पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. सक्तीमुळे शाळेच्या दिवसांवर शाळेचा हक्क प्रस्थापित झाला. घराकडे उरले ते सकाळ-संध्याकाळचे तास आणि सुट्टी. पूर्वी वर्षभर विखुरलेले मुलांचे श्रम अशा रीतीने सुट्टीच्या काळात एकवटू लागले.

नाशिक जिल्ह्यात १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली आणि शेतकरी समाजातील मुलांसाठी शाळा व वसतिगृहे यांचे जाळे क्रमाने विस्तारले. शिक्षणासाठी गावाबाहेर राहणारा मुलगा सुट्टीत घरी येई तेव्हा तो पाहुणा नसे. घरच्या कामात त्याचा वाटा ठरलेला असे आणि त्या कामातूनच त्याचा गावाशी संबंध टिकून राही.

निफाडचा हंगाम आणि दोन सुट्ट्या

निफाड परिसर पूर्वीपासून गव्हासाठी प्रसिद्ध आहे. गव्हाच्या संशोधनासाठी निफाड येथे १९३२ मध्ये केंद्र सुरू झाले. गहू, हरभरा, बाजरी यांच्या शेतीत रब्बीची सुगी मार्चमध्ये आटोपे. त्यामुळे मे महिना हा तुलनेने सैल असे. नांगरट, खतवाहणी, घरदुरुस्ती आणि लग्नकार्ये यांत तो जाई. मुलांची सुट्टी आणि शेतीचा विसावा यांचा मेळ बसत असे व मामाच्या गावी जाण्याची प्रथाही याच मोकळ्या काळाशी जोडलेली होती.

नगदी पिकांनी हे चित्र पालटले. उन्हाळी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि काढणी मार्चपासून मे महिन्यापर्यंत चालते. कांदा उपटणे, पात कापणे, प्रतवारी करणे आणि चाळीत भरणे ही कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात, कारण वळवाचा पाऊस माल नासवू शकतो. द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मे महिन्यात फुटींची विरळणी, बगलफुटी काढणे आणि शेंडा मारणे ही बारीक हातांची कामे निघतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीचा काळ दिवाळीच्या सुट्टीला लागून येतो आणि पिंपळगावच्या बाजारातील टोमॅटोची आवकही त्याच सुमारास जोरात असते. अशा प्रकारे पूर्वी सैल असलेली मे महिन्याची सुट्टी आता हंगामात सापडली. तिचा कायदेशीर अर्थ बदलला नाही, आर्थिक अर्थ मात्र पूर्णतः बदलला.

वाळवण : घरातील शाळा

शेताबरोबर घरातील कामाचाही विचार आवश्यक आहे. कुरडया, पापड, शेवया, सांडगे यांचे वर्षभराचे वाळवण याच सुट्टीत होते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात, तो निवळू देतात, शिजवतात आणि सोऱ्यातून गरम असतानाच बाजेवर वा गच्चीवर घालतात. या क्रमात मुलांची कामे ठरलेली असतात : पाणी आणणे, ताटे पोहोचविणे, कावळे-चिमण्या हाकणे, उलटविणे आणि सायंकाळी गोळा करणे. मोबदल्यात चिकाची वाटी मिळते. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे अशा परस्पर मदतीने शेजारच्या स्त्रिया हे काम करीत आल्या आहेत. मोजमाप, क्रम, वेळेचे भान आणि सहकार्य यांचे शिक्षण मुलांना येथे मिळत आले.

तथापि या शिक्षणाचा भार समान वाटला गेला नाही. मुलग्याचे काम सुट्टीपुरते असे आणि त्याला मदत म्हटले जाई. मुलीचे काम शाळा सुरू झाल्यावरही चालूच राही आणि त्याला वळण म्हटले जाई. धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी करणे यांना सुट्टीचा आरंभ नव्हता तसा शेवटही नव्हता. सुट्टीतील घरकामाचा गौरव करताना हा भेद दृष्टिआड झाल्यास इतिहास अपुरा राहतो.

श्रमाचा शैक्षणिक विचार

घरकामाला शैक्षणिक मूल्य आहे, हा विचार विसाव्या शतकात अनेकांनी मांडला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातील पत्रावळ लावायला शिकण्याचा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. घरातील साधे काम न येणे ही उणीव आहे, ही जाणीव त्यातून दिली गेली. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम मानणारी नई तालीम पुढे आणली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला शालेय शिक्षणाचे अंग मानले.

या परंपरेत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचा प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. बोर्डी येथे १९४५ मध्ये सुरू झालेले त्यांचे कार्य पुढे कोसबाडला गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढल्या. जेथे मुले गुरे चारीत तेथेच शाळा गेली. फुल्यांनी १८८२ मध्ये दाखविलेल्या अडचणीला दिलेले हे शैक्षणिक उत्तर होते. बहुतेक ठिकाणी मात्र कार्यानुभव हा तासिकेपुरता उरला. घरी कांद्याची प्रतवारी करणारी मुलगी शाळेत कागदाची फुले करीत राहिली आणि तिच्या घरच्या कौशल्याची नोंद कोठेच झाली नाही.

कायदा, हातभार आणि मजुरी

बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात बंदी काही ठरावीक व्यवसाय व प्रक्रियांपुरती होती. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास मनाई केली; मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात कुटुंबाला मदत करण्यास मुभा ठेवली. सुट्टी हा शब्द अशा रीतीने कायद्यात आला. दरम्यान २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापनाचे किमान प्रमाण ठरविले. शाळेचा काळ आणि घराचा काळ यांची अशी कायदेशीर वाटणी झाली.

पिंपळगाव परिसरात या अपवादाची कसोटी लागते. बागायतदाराचा मुलगा स्वतःच्या बागेत बगलफुटी काढतो तेव्हा ती कुटुंबाची मदत ठरते. त्याच बागेत पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून आलेल्या मजूर कुटुंबाचे मूल आईवडिलांच्या ओळीत तेच काम करते. काम एकरी उक्ते घेतलेले असेल तर मजुरी कुटुंबप्रमुखाच्या हाती पडते आणि मुलाच्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. दोन मुले, एकच वेल, एकच काम; एकासाठी तो सुट्टीतील अनुभव, दुसऱ्यासाठी न लिहिलेली मजुरी. शिवाय औषध फवारणी आणि फळछाटणीच्या वेळी लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड यांचा धोका मालकाचे मूल आणि मजुराचे मूल असा भेद करीत नाही. ही कामे कौटुंबिक असली तरी मुलांची असू शकत नाहीत.

सुट्टीला शेवट असणे किती महत्त्वाचे आहे, हे करोना काळाने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून व्यापक प्रमाणात पुन्हा सुरू झाले. ज्या मदतीचे औचित्य जूनमध्ये शाळा उघडते या गृहीतावर आधारलेले होते, तिला त्या काळात मर्यादाच राहिली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. दीर्घ शालेय सुट्टी ही वसाहतकालीन शिक्षणव्यवस्थेची देणगी असून सक्तीच्या शिक्षणामुळे मुलांचे घरचे श्रम तिच्यात केंद्रित होत गेले.

२. निफाड परिसरात नगदी पिकांच्या वाढीमुळे पूर्वी विसाव्याची असलेली सुट्टी ऐन हंगामात आली.

३. घरकामात खरे शिक्षण आहे. परंतु मुलींवरील अखंड भार आणि मजूर कुटुंबांतील अदृश्य श्रम यांकडे दुर्लक्ष करून त्याचा गौरव करता येत नाही.

४. कामाला वेळेची मर्यादा आहे का, ते निर्धोक आहे का, मुलगा-मुलगी यांत ते समान वाटले आहे का आणि त्यानंतर मूल निश्चितपणे शाळेत परतते का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून हातभार आणि मजुरी यांतील भेद ओळखता येतो.

सुट्टीत मुलांना गुंतवून कसे ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर शहरी पालक छंदवर्गांत शोधतात. पिंपळगावसारख्या गावात ते अंगणात आणि मळ्यात आधीपासूनच उपलब्ध आहे. मात्र ते उत्तर प्रत्येक मुलासाठी शिक्षण ठरावे यासाठी जूनच्या पहिल्या दिवशी हजेरीपटावर कोणती नावे अनुपस्थित आहेत, याचा शोध शाळेने घेतला पाहिजे. मुलांच्या श्रमाची किंमत समाजाने ओळखावी आणि ती मुलांकडून वसूल करू नये, ही फुल्यांची १८८२ मधील अपेक्षा त्या अनुपस्थित नावांच्या संदर्भात आजही पूर्ण व्हावयाची आहे.