गळाचे रीळ : नाव आणि घडण

गळ आपल्याला ठाऊक आहे, गळाची काठीही ठाऊक आहे. पण त्या काठीच्या बुडाशी बसवलेले रीळ आपल्यापैकी फार थोड्यांनी हाती घेतले असेल. पतंगाची आसारी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे पुरे. दोरी सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची, एवढेच त्याचे काम. चीनमधील मा युआन या चित्रकाराने इ. स. ११९५च्या सुमारास होडीत एकटाच बसलेला गळवाला रंगवला, त्याच्या काठीला असे रीळ आहे. इंग्लंडात त्याचा छापील उल्लेख १६५१ साली टॉमस बार्करच्या पुस्तकात येतो.

अशी जुनी रिळे जमवणारे शौकीन इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न इतिहासकाराचाच असतो : ही वस्तू कोणी केली आणि केव्हा? नवशिका आधी वस्तूवरचे नाव वाचतो, आणि तिथेच फसतो. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पितळी रिळे घाऊक निघत आणि गावोगावचे दुकानदार त्यांवर आपले नाव घालून विकत. आपल्याकडे भांड्यावर नाव असते ते आहेर देणाऱ्याचे. तांबटाचे कोण घालतो?

याचे फार बोलके उदाहरण अमेरिकेतील केंटकी संस्थानाचे. तिथे पॅरिस नावाच्या गावी (फ्रान्सचे पॅरिस नव्हे, हे लहानसे गाव) जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दंतचक्रे घालून रीळ बनवले. पुढे फ्रँकफर्टच्या जोनाथन आणि बेंजामिन मीक या भावांनी तीच विद्या उचलली, तेही घड्याळजीच. हँडल एकदा फिरवले की आतली फिरकी चार वेळा फिरावी, आणि दोरी सुटताना मात्र कुठेही अडू नये, ही किमया लोहाराच्या हातून होणारी नव्हती. त्या रिळांचे स्क्रू हाताने कापलेले असत. एक स्क्रू दुसऱ्याच्या भोकात नीट बसत नसे, म्हणून स्क्रूवर आणि त्याच्या भोकापाशी जुळते आकडे घातलेले असत. आकडे जुळले नाहीत, तर रीळ कोणीतरी मध्ये उघडले आहे असे खुशाल समजावे. याउलट नावाची कथा पाहा. मीक आणि मायलम यांची भागी १८५०च्या दशकातच मोडली; तरी मायलम पुढे कित्येक वर्षे दोघांच्या नावाचा ठसा मारीत राहिला. बेंजामिनने लुईव्हिलला काढलेला कारखाना १९१६ साली कनेक्टिकटच्या हॉर्टन कंपनीने विकत घेतला, तो नावासकट. तेव्हा ‘मीक’ हे नाव वाचून मीकचा हात आपण पाहिला, असे होत नाही.

इतर ठिकाणीही गावचा धंदा रिळात उतरलेला आहे. नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्यांचे गाव. तिथले रीळ लाकडी. लाकूड पाण्याने वाकते, म्हणून त्याच्या पाठीवर पितळेची चांदणी ठोकीत. ब्रॅडफर्डच्या गिरणीवाल्या इलिंगवर्थने १९०५ साली पेटंट घेतले ते तर फिरकी स्थिर ठेवून तिच्या टोकावरून दोरी सोडण्याचे, गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटते तसे.

धातूही साक्ष देतो. ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते १८८६च्या शोधानंतर. त्यामुळे ॲल्युमिनियमचे साधे रीळ १८५०चे म्हणून कोणी विकू लागला, तर पाकीट खिशातच ठेवावे. पेटंटची तारीख मात्र जपून वाचायची. व्हरमाँटच्या चार्ल्स ऑर्व्हिसच्या जाळीदार रिळावर १२ मे १८७४ ही तारीख आहे. त्याआधीचे ते नाही, एवढेच तीवरून ठरते. नंतरचे कितीही असू शकेल.

हिंदुस्थानात ही रिळे आली ती इंग्रज अंमलदारांबरोबर, महसीर माशासाठी. मद्रास मुलकी खात्यातील हेन्री सलिव्हन टॉमस याने हिंदुस्थानातील गळावर १८७३ साली ग्रंथच लिहिला. माझ्या एका स्नेह्यांच्या घरी अडगळीत असेच एक रीळ निघाले : इंग्लंडमधील ॲनिक गावच्या हार्डी बंधूंचे, ‘परफेक्ट’ जातीचे, पितळी तोंडाचे. या जातीचे पेटंट १८९१चे. स्नेही मोठे टापटिपीचे. त्यांनी ते मला दाखवण्यापूर्वी चिंच लावून लखलखीत केले होते! पितळ उन्हात चमकून मासा बिचकू नये म्हणून कारखान्यात मुद्दाम चढवलेला काळपट रंग, बोटांच्या झिजेच्या खुणा, सारे मोरीत वाहून गेले. कोरलेली अक्षरेही बोथट झाली होती. पायाला कोणीतरी काठीच्या मापाने कानस मारलेली होती. संग्राहक अशा पायाला नाक मुरडतात. मला तो आवडला. रीळ नुसते कपाटात बसून राहिले नव्हते.

मग आम्ही फिरकी काढली. हार्डींच्या कारखान्यात रीळ जुळवणारा कारागीर पुष्कळदा आतल्या बाजूस आपली आद्याक्षरे ठोकीत असे. दिव्याखाली धरून पाहिले, तो दोन बारीक अक्षरे दिसली. चिंच तिथवर पोचली नव्हती.