देवगड : नागपूरची विस्मृत जननी

मिसर देशास जाणारा प्रवासी गिझा येथील खुफूचा पिरॅमिड पाहून कृतकृत्य होतो. खुफूचा पिता स्नेफेरू याने दहशूर येथे उभारलेल्या पिरॅमिडांकडे मात्र थोड्यांचीच पावले वळतात. सुमारे ४,६०० वर्षांपूर्वीच्या त्यांतील एकाचा उतार बांधकाम चालू असतानाच कमी करावा लागला; म्हणून तो वाकल्यासारखा दिसतो. पुत्राच्या निर्दोष वास्तूमागे पित्याचे हे चाचपडणे होते, हे दहशूर पाहिल्यावाचून उमगत नाही.

नागपूर व देवगड यांचे नातेही काहीसे असेच आहे. छिंदवाड्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरांवर, डोंगरमाथ्यावर गोंड राजांची ही राजधानी होती. तेथील जाटबा राजाचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त येतो. लाकडी तलवारीने गवळी राजांना मारून त्याने राज्य मिळविले, असे लोककथा सांगते. गडावर नगारखाना, बादलमहाल, मशीद व मोतीटाके यांचे अवशेष आहेत. देवगडास आठशे विहिरी व नऊशे बावड्या होत्या, असे लोक म्हणतात. हे आकडे अक्षरशः घेण्याचे कारण नाही; परंतु परिसरातील दगडी बांधणीच्या विहिरी पाहिल्या म्हणजे पाण्याची चिंता वाहणारे राज्य येथे नांदले, याविषयी शंका उरत नाही.

औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारलेल्या बख्तबुलंदाने १७०२ मध्ये बारा खेडी एकत्र करून नागपूर वसविले. पुत्र चांद सुलतान याने राजधानी तेथे हलविली. त्याच्या मृत्यूनंतर वारसांच्या कलहातून रघूजी भोसल्यांचा प्रवेश झाला, गोंड राजा नामधारी उरला आणि देवगड ओस पडला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. देवगड मध्य प्रदेशात राहिला. परिणामी नागपूरच्या इतिहासात देवगड एका वाक्यापुरता येतो आणि देवगडच्या वर्णनात नागपूर परप्रांताचे ठरते. दोहोंच्या मध्ये पांढुर्णा व सौंसर हा मराठी बोलणारा टापू आहे. २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. देवगड छिंदवाडा जिल्ह्यातच राहिला. तथापि हा तुटलेला दुवा सांधण्यास येथील शिक्षकांइतके योग्य कोण? त्यांनी विद्यार्थ्यांना एकदा गडावर न्यावे, नगारखान्यापाशी उभे करावे आणि सांगावे की, नागपूरच्या इतिहासाचे पहिले पान येथे आहे.